वीतभर ठेंगणी गाडी

मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. पत्रकाला एकच पान असतं, वाचणारा घाईत असतो, आणि पहिल्या दोन ओळींत कुणाची तरी कॉलर धरावी लागते. या अंकाच्या संपादकांनी "गुदामातल्या नोकरीबद्दल जरा निवांत लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी पहिले तीन कागद फाडले. तिन्हींची सुरुवात "नागरिकांनो" अशी झाली होती.

गुदाम अमरावतीच्या एका टोकाला होतं. पत्र्याचं कुंपण, आत दोन लांब शेड, मध्ये एक कडुनिंब आणि त्याच्याखाली भांडारपालाचं टेबल. ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावाशी भांडत बसतात आणि मुद्दा बाजूला राहतो, हे पत्रकांनीच शिकवलं. तिथं मी चार वर्षं कंत्राटी नोंदणी कारकून होते. मी मूळची चांदूर बाजारची. अमरावतीत वकिली शिकायला आले आणि वर्गापेक्षा चौकात जास्त रमले.

नोकरी मिळाली तीही पत्रकामुळे. फेरीवाल्यांच्या हातगाड्या उचलून नेतात आणि गुदामात सडवतात, यावर आमच्या कार्यकर्त्यांच्या गटानं एक जहाल पत्रक काढलं होतं. ते मी लिहिलं आणि थेट गुदामाच्या दारावर चिकटवायला गेले. भांडारपाल वानखडे काका बाहेर आले. ओला कागद त्यांनी दारावरून अलगद सोडवला, चश्मा वर करून पूर्ण वाचला आणि खिशातून लाल पेन काढलं.

"पत्रक चांगलं हाय पोरी," ते म्हणाले. "पन तिसऱ्या मुद्द्यात तू जप्त अन बेवारस एकच करून टाकलं. जप्तीच्या मालाले मालक असते. बेवारसले नसते. अन निर्लेखित तं आपलाच माल असते, फक्त आपल्याले नको असते. तीन येगयेगळ्या गोष्टी हायेत." तीन चुका दुरुस्त करून त्यांनी कागद परत दिला. "नोंदी करायले मानूस पाहिजे. येतं का? आतून पाह्यशीन तं बाहेरून बरं लिहिशीन."

मी गेले ते हेरगिरी करायलाच. गटातल्या मित्रांनाही तसंच सांगितलं होतं.

आता हा धंदा सांगते. शहराला नको असलेल्या वस्तू तीन वाटांनी गुदामात येतात. अतिक्रमण हटवणाऱ्या पथकानं रस्त्यावरून उचललेलं ते जप्त. कुणीतरी सोडून गेलेलं, मागायला कुणी न आलेलं ते बेवारस. आणि सरकारी कचेऱ्यांचं जुनंपानं, जे वहीतून काढून टाकायचं असतं, ते निर्लेखित. प्रत्येक वस्तूला काका दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायचे. चिठ्ठीवर वस्तू, ठिकाण, तारीख. ठरलेली मुदत वाट बघायची. मालकानं पुरावा दाखवून वस्तू नेली तर चिठ्ठी फाडायची. नाही नेली तर जप्त मालही कागदावर बेवारस ठरतो आणि लिलावात जातो. वर्षातून एकदा आवारात लिलाव. एवढंच.

एवढंच, पण त्यात माणसांच्या किती खोड्या! माझ्या पहिल्याच महिन्यात एका कचेरीतून निर्लेखित खुर्च्या आल्या. टेम्पोभर. प्रत्येक खुर्चीचा एकच पाय मोडलेला, आणि प्रत्येकीचा तोच, मागचा डावा. मला भ्रष्टाचाराचा वास आला. मी सोबत आलेल्या शिपायाला धारेवर धरलं.

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "खुर्ची धडधाकट असली तं नवी भेटत नाई. म्हून एक पाय काढा लागते. मागचा डावा काढला की बसनारा पडत नाई, खाली टेकते फक्त. साहेब लोकाइची काळजी घेऊनच काढला."

"आणि काढलेले पाय कुठंयत?"

त्यानं टेम्पोतून एक पोतं उतरवलं. काकांनी त्या पोत्यालाही चिठ्ठी बांधली आणि ते खुर्च्यांच्या शेजारीच ठेवलं. लिलावात ज्यानं खुर्च्या घेतल्या, त्यानं पोतं न सांगता उचललं. माझ्या माहितीप्रमाणे त्या खुर्च्या आता दोन मंगल कार्यालयांत चार पायांवर उभ्या आहेत.

दुसरा माल फ्लेक्सचा. निवडणुका, वाढदिवस, नवरात्र संपलं की चौकाचौकांतले फलक उतरवून आणायचे. वाढदिवस साजरा करणारा स्वतःचा चेहरा परत न्यायला कधीच येत नाही. शेडमध्ये हसऱ्या चेहऱ्यांच्या गुंडाळ्या छतापर्यंत. सोयाबीन निघायच्या दिवसांत मात्र दर्यापूरकडचे शेतकरी गुदामाच्या दारात. सोंगून, म्हणजे कापून रचलेल्या सोयाबीनच्या गंजीवर झाकायला फ्लेक्ससारखी चीज नाही. एक म्हातारेबुवा गुंडाळी उलगडून, आडवं-उभं ताणून बघत होते. मी म्हटलं, "बाबा, चेहरा कोणाचा पाहिजे?"

"कोनाचाबी दे माय. तोंड खाली अन पाठ वर करतो आमी," ते म्हणाले. "पाच वर्सात पयल्यांदा कामी येऊन राहिले बिचारे."

ही नोकरी मला आवडायला लागली. हेरगिरी हळूहळू मागं पडली. पण पूर्ण गेली नव्हती, आणि तिनंच पुढचा घोळ घातला.

माझा पहिला लिलाव मी वही घेऊन, डोळे ताणून पाहिला. अमरावती आणि अकोल्याचे भंगारवाले आले होते, नऊ-दहा जण, सगळे एकमेकांचे ओळखीचे. त्यांच्यात वयानं मोठे अकोल्याचे रफिकभाई. पांढरी दाढी, पायात रबरी चपला, हातात कायम घडी केलेलं वर्तमानपत्र. खुर्च्यांवर, पत्र्यांवर, पाइपांवर त्यांनी घसा फोडून बोली लावली. मग हातगाड्या आल्या. काकांनी एकेका गाडीची वेगळी बोली पुकारली. एका गाडीजवळ एक इस्त्रीवाला उभा होता. त्यानं गाडीच्या फळीवर पंजा ठेवला आणि खाली मातीकडे बघत राहिला. काकांनी तीनदा पुकारलं. सगळे चूप. रफिकभाई वर्तमानपत्र उघडून वाचायला लागले. दुसऱ्याला चपलेत खडा टोचायला लागला. तिसरा कडुनिंबात पक्षी शोधत होता. इस्त्रीवाल्यानं पुटपुटत सगळ्यात खालची बोली सांगितली आणि गाडी त्याला सुटली. असं पाच गाड्यांच्या बाबतीत झालं. सहाव्या गाडीपाशी कुणी उभं नव्हतं, तिथं पुन्हा आरडाओरडा.

माझ्या वहीत मी लिहिलं: संगनमत. खुणा ठरलेल्या. वर्तमानपत्र उघडणे म्हणजे बोली बंद.

काकांना विचारलं नाही. काका तर पुकारत होते, म्हणजे तेही सामील. मी रीतसर तक्रार लिहिली, स्वतःच्या नावानं, खाली ठसठशीत सही. निनावी तक्रारीचा मला तिटकारा आहे. मागणी एकच: लिलाव ऑनलाइन करा, पारदर्शक करा, कोणीही कुठूनही बोली लावू द्या. सोबत गटाचं पत्रकही काढलं. त्याचा मथळा "मुक्यांची बोली" होता. तो मला फार आवडला होता. हे मी कबूल करते.

वरचे साहेब खूश झाले. त्यांनाही ऑनलाइन हवंच होतं. पुढल्या लिलावापासून सगळं संगणकावर होईल असा आदेश निघाला. काकांनी आदेश वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बरं झालं. तुले टायपिंग येते." एवढंच. त्यांना मी सामील समजत होते, हे त्यांना तक्रार वाचून कळलं असणारच. दुसऱ्या दिवशीही डब्यातली वांग्याची भाजी त्यांनी अर्धी माझ्या झाकणात काढली.

याच वर्षात बेबीबाई गुदामात यायला लागल्या.

बेबीबाई मुंगवडे विकायच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिजवलेल्या मुगाच्या डाळीचे, आल्या-मिरचीचे, बाहेरून खरपूस असे वडे. संध्याकाळी पाच वाजता कढई चढली की सातला खाली. बेबीबाईंचं वय पन्नाशीचं, आवाज चौकाच्या पलीकडे जाणारा, आणि उंची माझ्या खांद्याच्याही खाली. बाजारात मिळणारी हातगाडी सगळ्यांच्या उंचीची असते. तिच्यावर शेगडी, शेगडीवर कढई, म्हणजे उकळतं तेल थेट बेबीबाईंच्या हनुवटीपाशी. म्हणून त्यांच्या गल्लीतल्या सायकलवाल्यानं त्यांना एक वेगळी गाडी करून दिली होती. मोठ्या सायकलच्या चाकांऐवजी लहान मुलांच्या सायकलची चाकं, आणि त्या हिशेबानं खाली घेतलेला सांगाडा. नेहमीच्या गाडीपेक्षा वीतभर ठेंगणी. त्या गाडीपुढे उभं राहिलं की कढई त्यांच्या कोपराच्या खाली यायची.

ती गाडी पथकानं उचलली होती.

सोडवायला पुरावा लागतो, गाडी आपली असल्याची पावती. बेबीबाई दर सोमवारी यायच्या आणि माझ्या टेबलापुढे उभ्या राहायच्या.

"पावती आणली का?" मी.

"कोनाची पावती? गल्लीतल्या मानसानं केली ते गाडी. तो पावती देते का? तो तं चाय पन उधारीवर पेते."

"मग त्याच्याकडून लिहून आणा."

आणलं. सायकलवाल्यानं पानभर लिहून दिलं होतं. साहेबांनी ते फेटाळलं, कारण त्याच्याकडे दुकानाचा परवाना नव्हता. बेबीबाईंची शेजारीण साक्ष द्यायला आली. साक्षीचा रकाना अर्जात नव्हता. वस्तू कागदावर बेवारस, आणि तिची वारस दर सोमवारी दारात. शेडमध्ये जाऊन गाडी पुसायच्या, चाकांत तेल सोडायच्या आणि काकांना विचारायच्या, "कधी हाय लिलाव?" काका म्हणायचे, "दम धर माय. आला जवळ."

लिलावाची एवढी वाट कुणी बघतं का, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

मी तर त्यांना अभिमानानं सांगितलं, "बेबीबाई, या वेळी लिलाव ऑनलाइन आहे. तुम्हालाही घरबसल्या बोली लावता येईल."

"घरी बसून कोन बोलते बोली? भिंतीसंगं?"

मी त्यांचं नाव नोंदवायला बसले. पॅन कार्ड नव्हतं. ते काढता येईल म्हटलं. पुढच्या पानावर डिजिटल सही मागितली. बेबीबाई ताठ झाल्या. "मले सही येते. शाळेत गेली मी चौथीपर्यंत." आणि त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन कोऱ्या कागदावर पूर्ण नाव लिहून दाखवलं, वडिलांच्या नावासकट. ती सही संगणकाला चालत नव्हती. मी म्हटलं, "बघते काहीतरी." पत्रकात आम्ही ज्या बाबूंना झोडपतो, ते असंच म्हणतात.

तेवढ्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ते सुट्टीवर गेले. लिलावाची यादी माझ्यावर आली. प्रत्येक बाबीला वेगळा फोटो, वेगळं वर्णन, वेगळा अर्ज. शेडमध्ये सात हातगाड्या होत्या. काका प्रत्येक गाडीला वेगळी चिठ्ठी का बांधतात याचा विचार न करता मी सातही ओळीत उभ्या केल्या, एक फोटो काढला आणि टाइप केलं: "हातगाड्या, जुन्या, लाकडी-लोखंडी, नग सात, एकत्रित." सहा अर्ज वाचले म्हणून स्वतःला शाबासकी दिली. वाटलं, बेबीबाईंची गाडी घेणारा कोणी भेटेलच, त्याच्याशी बोलू.

लिलाव झाला. कोणी ओरडलं नाही, कोणी वर्तमानपत्र वाचलं नाही. अकोल्याच्या एका नव्या व्यापाऱ्यानं, ज्यानं गुदाम कधी पाहिलं नव्हतं, सातही गाड्या एकत्र घेतल्या. त्याच्या माणसांनी त्या ट्रकवर एकावर एक रचून नेल्या. ठेंगणी सगळ्यात वर होती.

सोमवारी बेबीबाई तेलाची बाटली घेऊन आल्या. शेड रिकामं. त्या दारातच उभ्या राहिल्या. बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती पदरात धरली आणि म्हणाल्या, "कोठी नेली तेवढं सांग."

तेही मला माहीत नव्हतं.

काका काळा चश्मा लावून कामावर परतले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चश्मा काढला नाही, त्यामुळे डोळे दिसले नाहीत.

"त्या इस्त्रीवाल्यानं गाडीवर हात ठेवला होता, पाह्यलं होतं ना तू?"

"हो."

"त्याच्याजवय पावती नव्हती. पाचाइजवयही नव्हती. ज्याच्याजवय पावती असते तो लिलावापर्यंत थांबते कायले? मालकानं गाडीवर हात ठेवला की कोनी बोली वाढवत नाई. म्हून मी येगयेगळी चिठ्ठी बांधो. ज्याची त्याले सुटावी म्हून. नियमात बसून गाडी परत द्यायची तेवढी एकच फट होती, पोरी."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगू? ते लिहिता येत नाई. अन तुले सांगतलं असतं तं तू लिहून काढलं असतं." मग म्हणाले, "इचारलं असतं तं सांगतलं असतं."

मी दरोडा समजून उघडकीला आणलेली गोष्ट शहरातली एकमेव सोय होती. त्या दिवशी मी टेबलावर डोकं ठेवून रडले. काकांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "झालं का? आता रफिकभाईले फोन लाव."

फोन लावायला मला दोन दिवस लागले. ज्या माणसाला पत्रकात लुटारू म्हटलं, त्याला मदत मागायची. रफिकभाईंनी शांतपणे ऐकलं.

"पर्चा पढ़ा था मैंने तेरा," ते म्हणाले. "मथळा चांगला होता."

"चुकले मी, रफिकभाई."

"अरे बेटा, लोहा तो किधर भी मिलता. बाईच्या पोटावर पाय ठेवून कायले घ्यायचं? आमी धंदेवाले हाओत, बेशरम नाही." मग फोनवर हसण्याचा आवाज. "ठेंगणी म्हणतेस ना? मिळेल. अकोल्यात एक टरबूजवाला महिन्यापासून रोज शिव्या देतो आपल्या गाडीला. तीच असंल."

मध्यंतरी बेबीबाईंनी एक जुनी, नेहमीच्या उंचीची गाडी घेतली होती. पोट थांबत नाही. त्या दोन विटांवर उभ्या राहून वडे तळायच्या. पथक आलं की गाडी ढकलायची आणि विटाही उचलायच्या. एकदा विटेवरून पाय घसरला आणि झारा कढईत आपटला. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत तेल उडालं. आम्ही अकोल्याला निघालो तेव्हा त्या हाताला मलम लावलेलं होतं. मूर्तिजापूर येईस्तोवर एसटीत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मूर्तिजापूरला एवढंच म्हणाल्या, "खिडकी लाव. उनाची झळ लागून राहिली."

अकोल्याचं ऊन काय असतं ते अकोलेकरांनाच विचारावं. स्टँडबाहेर रफिकभाई डोक्यावर वर्तमानपत्र धरून उभे होते. त्यांनी आम्हाला एका दुकानाच्या सावलीत नेलं.

"बाई, आज गाडीला हात नाही लावायचा. लिलाव असता तर गोष्ट येगळी. इथं हात लावला, की तो समजला अन भाव चढला." मग माझ्याकडे वळून, "और बेटा, तू तो कुछ बोलनाच मत."

टरबूजवाला उंच, काटकुळा माणूस होता. गाडीवर टरबुजांचा ढीग, आणि तो कमरेत वाकून, जवळजवळ घडी होऊन फोडी कापत होता. बेबीबाईंनी गाडीकडे पाहिलं आणि लगेच टरबुजाकडे पाहिलं.

"या मावशी, लालभडक हाय."

"टरबूज बरं हाय," बेबीबाई म्हणाल्या, "पन गाडी काहून अशी बसकी? विहिरीत पाहून राहिल्यासारखा वाकला तू."

"काय सांगू मावशी, फसलो!" त्यानं सुरा ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर टेकले. "ऑनलाइनचा माल, स्वस्त, म्हून घेतली त्या व्यापाऱ्याकडून. कंबर गेली माही. घरी गेलो की बायको म्हन्ते, सरळ उभे राहा. अन मी सरळच उभा असतो."

"चाकं तं पोरासोराइची दिसतात. वझं पेलत नसंन."

"काही पेलत नाई. भंगार हाय नुसतं."

भंगार म्हटल्यावर बेबीबाईंची मान लाल झाली. त्या गाडीनं किती वर्षं शेगडी, कढई आणि तेलाचा डबा वाहिला होता! आणि मला राहवेना. ही गाडी या बाईची आहे, ती नियमाच्या नावाखाली हिरावली गेली, तुम्हीही फसलात आणि त्याही, चला आपण सगळे मिळून निवेदन देऊ... अख्खं पत्रक माझ्या जिभेवर तयार होतं. मी तोंड उघडलं. रफिकभाईंनी टरबुजाची एक भली मोठी फोड माझ्या हातात, जवळजवळ तोंडातच दिली. "खा. गर्मी है."

मी खाल्ली.

"ऐसा है," रफिकभाई टरबूजवाल्याला म्हणाले, "या बाईंजवळ एक गाडी आहे अमरावतीत. उंच. मोठी चाकं. बदली करायची असंल तर बोल. माझं वाहन फेऱ्या मारतंच. तिकडची इकडं, इकडची तिकडं."

टरबूजवाल्याचे डोळे बारीक झाले. "मावशीले हे बसकी गाडी कायले पाहिजे?"

माझ्या तोंडात बिया होत्या, त्या थुंकायचीही भीती वाटत होती.

"मी बुटकी हाय," बेबीबाई म्हणाल्या. "दिसत नाई का तुले?"

त्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणजे फार वेळ लागला नाही. मग तो हसायला लागला. बेबीबाईही हसल्या. "दिसते ना मावशी, दिसते!" आणि त्यानं सौदा पक्का झाला म्हणून एक अख्खं टरबूज त्यांच्या हातात दिलं. परतताना एसटीत ते टरबूज बेबीबाईंच्या मांडीवर होतं. बडनेऱ्यापाशी त्या माझ्याशी खिडकीखेरीज पहिल्यांदा काही बोलल्या. "भंगार म्हन्ते मेला."

ही एक गाडी परत आली. सहा नाही आल्या. ते सहा जण मी शोधले, तिघेच सापडले. एकजण आता मंगल कार्यालयात राखणदारी करतो. एक गावाकडे निघून गेला. एकानं दार उघडून मला पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. त्याला काय सांगायचं ते मी पाठ करून गेले होते. पत्रकातल्या वाक्यांना बंद दाराचा काही उपयोग नसतो.

काका निवृत्त झाले. माझं कंत्राट पुन्हा वाढलं नाही, आणि मीही मागितलं नाही. ऑनलाइन लिलाव चालू आहे. खुर्च्या, पाइप, पत्रे यांच्यासाठी तो उत्तम आहे, हे मी आजही म्हणेन. हातगाड्यांसाठी आमच्या गटानं एक नवं निवेदन दिलंय. मी आजवर लिहिलेल्यांत ते सगळ्यात छोटं. पावती नसेल तर दोन शेजाऱ्यांची साक्ष चालवा, आणि अर्जात साक्षीचा एक रकाना वाढवा. त्याला मथळा नाही. देण्याआधी काकांकडून तपासून घेतलं, लाल पेनानं. निवेदन विचाराधीन आहे. मी दर सोमवारी विचारायला जाते. सोमवारची सवय बेबीबाईंची. पण तिच्यात दम आहे.

गाडी आली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

रफिकभाई स्वतः घेऊन आले. गल्लीतल्या सायकलवाल्यानं चाकं तपासली, एक स्पोक बदलला. बेबीबाईंनी शेगडी चढवली, कढई ठेवली आणि समोर उभ्या राहिल्या. कढई कोपराच्या खाली. त्यांनी झारा दोनदा नुसताच हवेत फिरवून पाहिला. पाचला तेल तापलं. तोवर अमरावतीचे तीन-चार भंगारवाले येऊन उभे राहिले होते. त्यांना कुणी बोलावलेलं मी तरी पाहिलं नाही. काकाही आले, काळा चश्मा अजून होता.

पहिला घाणा निघाला. बेबीबाईंनी कागदावर वडे, वर तळलेली मिरची, असं करत एकेकाच्या हातात दिलं. रफिकभाईंना पहिलं. मग बाकीच्यांना. मग काकांना. मीही हात पुढं केला.

"तू थांब," बेबीबाई म्हणाल्या. "गाडी सुटून आली की पयला घाना गप बसनाऱ्याइचा असते. रीत हाय. तू दुसऱ्यातला घे."

भंगारवाले खाली बघून खायला लागले. माझे कान तापले. पण मी लढल्याशिवाय हटणारी नाही.

"बेबीबाई, अकोल्यात मी गप्पच होते की!"

त्यांनी झारा थांबवला आणि रफिकभाईंकडे पाहिलं. "होती का जी?"

"मुँह में तरबूज था," रफिकभाई म्हणाले.

बेबीबाईंनी विचार केला. मग परातीतून वडा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कागद नाही, मिरची नाही.

"घे," त्या म्हणाल्या. "एक."